शेवटच्या रांगेतलं ‘व्हय म्हाराजा’

पावस गावाच्या अलीकडं, समुद्राच्या वरच्या अंगाला कातळवाडी आहे. तिथं शिमग्यात नमन, म्हणजे रात्रीचा सोंगांचा खेळ, उभं राहतं ते गाऱ्हाण्यानं. देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसते, मृदंगावर थाप पडते आणि सोंगं बाहेर यायच्या आधी मंडळातला एक जाणता माणूस दोन्ही हातांत नारळ घेऊन पुढं होतो. गावाच्या वतीनं तो देवाशी बोलतो. वर्षभरात कोण आजारी पडलं, कुणाच्या घरी पाळणा हलला, कोण मुंबईला आणि कोण आखातात पोटामागं गेलाय, त्या सगळ्यांचं बरं कर म्हणून सांगतो. एकेक मागणं संपलं की जमलेला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. नमनाला माईक येऊन जमाना झाला, पण गाऱ्हाण्याला माईक लावत नाहीत. देवाला काय ऐकू कमी येतं का, असं जुने लोक विचारतात. आणि शेवटच्या रांगेतून ‘व्हय म्हाराजा’ आलं नाही, तर गाऱ्हाणं अर्धंच पोचलं असं धरतात.

हे काम कित्येक वर्षं शिवराम गोताडकडं होतं. वाडीत त्याला शिवाच म्हणत. तरुणपणी तो गवळणीतली मावशी करायचा. लुगडं नेसून कमरेवर हात ठेवून उभा राहिला की तोंड उघडायच्या आधी हशा पिकायचा. पोटापाण्याला एसटीत कंडक्टर होता. त्यानं गाडीत ‘पुढं सरका’ म्हटलं की रस्त्यावरची गुरंसुद्धा सरकतात, असं ड्रायव्हर लोक सांगत. असा आवाज. बिनपैशाचा, बिनतालमीचा, देवानं दिलेला. शिवाला दुसरं काही मोठं जमलं नाही. जमीन बेताची, घर साधं. पण शिमग्याच्या त्या पाच-दहा मिनिटांत तो गावाचा आवाज असायचा, आणि पुढचं वर्षभर त्याच तोऱ्यात चालायचा.

निवृत्त झाला आणि घशात गाठ निघाली. मुंबईला नेऊन ती काढली. गाठ साधी निघाली, पण आवाज अर्धा झाला. जो राहिला तोही फाटका. बायको सखू म्हणाली, “घरात तरी हळू बोलायला लागले. माझंबी गाऱ्हाणं पोचलं म्हणायचं.” शिवा हसला. मात्र त्या दिवसापासून त्यानं गळ्याला मफलर गुंडाळली ती उन्हाळ्यातही सोडली नाही.

२००३च्या शिमग्यात तो नेहमीसारखा पुढं झाला. एका हातात नारळ, दुसरा हात गळ्याशी. पहिलं वाक्य बोलला, पुढच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. मागून काही आलं नाही. दुसरं बोलला, तेव्हाही मागं गप्प. ती शांतता ज्यानं नमनाच्या मांडावर उभं राहून ऐकलीय त्यालाच कळेल. मंडळाचा अध्यक्ष बाबल्या शहाणा माणूस. त्यानं मृदंगवाल्याला खूण केली, थाप पडली, आणि गाऱ्हाणं तिथंच आटोपलं.

दुसऱ्या दिवशी मंडळ बसलं. कुणी शिवाला टाकून बोललं नाही, तेच त्याला जास्त लागलं. बाबल्या एवढंच म्हणाला की पुढच्या शिमग्याला एकतर माईक लावू, नाहीतर समर्थला उभा करू. समर्थ हा शिवाचा पुतण्या. लोट्याच्या एमआयडीसीत, केमिकल कंपनीत पाळीवर होता. यंत्रांच्या घरघरीत ओरडून बोलायची सवय, त्यामुळं आवाज दणदणीत. शिवा म्हणाला, मी असेपर्यंत माईक नाही. मग एक वर्ष बघू, असं ठरलं.

ते वर्ष शिवानं चालत काढलं. सोबतीला मुसा होडेकर. हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, मोहल्ल्यात राहणारा. जन्मभर बोटीवर होता, सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून उतरला. मुसाला हृदयाचं दुखणं, शिवाला घशाचं. दोघांच्या डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलेलं. रोज ऊन कललं की मशिदीमागच्या पाखाडीच्या पायऱ्यांनी दोघं चढायचे, काजूंच्या बागेतून वरच्या सपाट सड्यावर यायचे आणि कातळावरून बंद पडलेल्या चिरेखाणीपर्यंत जायचे. पावसाळ्यानंतर सडा पिवळ्या-जांभळ्या फुलांनी भरतो, माघात गवत वाळून सोनेरी होतं, आंब्याला मोहोर असला की वास वरपर्यंत येतो. खाणीच्या काठावर बसलं की खाली समुद्र, त्यात नाटे बंदराकडं जाणाऱ्या होड्या. तिथं टेकायचं, मुसानं तपकीर ओढायची आणि बोलायचं.

मुसाचं बोलणं म्हणजे पडक्या गावांचं. बोट बंदराला लागली की बाकीचे खलाशी बाजारात जायचे. मुसा विचारायचा, इथं जुनं पडलेलं काय आहे? इजिप्त, ट्युनिशिया, ग्रीस, जिथं गेला तिथले खांब आणि भिंती त्यानं पाहिलेल्या. बाजारात परदेशी माणसाला फसवतात, तो म्हणायचा, पडक्या गावात फसवायला कुणी शिल्लकच नसतं. शिवा हे हजारदा ऐकून होता. आपल्या सड्यावर काय कमी दगड आहेत का, असं चिडवायचा.

त्या थंडीत मुसाच्या घरात एक अडचण उभी राहिली. त्याचा मुलगा उमेर जॉर्डनमध्ये, अम्मानला नोकरीला होता. सुनेच्या बाळंतपणाला मुसाची बायको रहिमा तिकडं गेली होती. बकरी ईदच्या आत तिला आणायचं होतं, आणि तिला एकटीनं विमानात बसायची भीती. मुसा जायला तयार, पण हृदयाच्या दुखण्यामुळं उमेर त्याला एकटा येऊ देईना. फोनवर म्हणाला, “शिवाकाकांना घेऊन या. तिकिटाचं मी बघतो.” लहानपणी हाच उमेर नमनात मागं बसून झोपी जायचा आणि शिवा त्याला खांद्यावर टाकून मोहल्ल्यात पोचवायचा. ते तो विसरला नव्हता.

अशा रीतीनं २००४च्या जानेवारीत कंडक्टर शिवराम गोताड विमानात बसला. आयुष्यभर दुसऱ्यांना तिकीट फाडून दिलेला माणूस स्वतःचं तिकीट छातीशी धरून बसला होता.

मुसानं पोचल्या पोचल्या विचारलं, इथं जुनं पडलेलं काय? सुटीच्या दिवशी उमेर सगळ्यांना गाडीनं जेराशला घेऊन गेला. हे रोमन लोकांचं जुनं शहर. उंच खांबांच्या दोन ओळी आणि त्यांमधून दगडी रस्ता. त्या रस्त्याच्या फरशीत रथांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या अजून दिसतात. शिवानं वाकून एका चाकोरीत बोट घातलं. इतकी रहदारी असलेल्या गावात स्टँड कुठं असेल, हे त्यानं उमेरला दोनदा विचारलं. दगड हातानं चोळून बघितला. पांढरा, गुळगुळीत. आपल्या चिऱ्यासारखा भोकाभोकांचा नाही. पाऊस झेलायची सवय नाही ह्याला, तो म्हणाला.

मग ते नाटकघराशी आले. शिवा जागीच थांबला. वर छप्पर नाही, पडदा नाही. खाली अर्धगोल मोकळी जागा, मागं दगडी रंगमंच आणि समोर पायऱ्यापायऱ्यांच्या रांगा आभाळापर्यंत चढत गेलेल्या. तीन म्हातारे लाल चौकड्यांची फडकी बांधून पिपाण्या नि ढोल वाजवत होते. तिथल्या पहारेकऱ्यानं त्या मोकळ्या जागेच्या मधला एक दगड दाखवला. उमेरनं सांगितलं, “काका, ह्या दगडावर उभं राहून बोललं की शेवटच्या रांगेत ऐकू येतं. हळू बोललं तरी.”

शिवानं मुसाकडं बघितलं. मुसा म्हणाला, “मी वर जातो. नमनातबी मागची रांग हीच माझी जागा.”

रहिमाभाभीनं खालूनच ओरडून सांगितलं की छातीत कळ आली तर मी वर यायची नाही, माझे गुडघे नाहीत. मुसा उमेरचा हात धरून टप्प्याटप्प्यानं चढला. उमेरच्या दुसऱ्या हातात व्हिडिओ कॅमेरा. खाली शिवानं बूट काढले, मोजे काढले, दोन्ही नीट बाजूला ठेवले. मांडावर चपला घालून कुणी जात नाही, मग तो मांड कुठल्याही मुलखातला असो. जानेवारीचा दगड बर्फासारखा होता. पहारेकरी बघत राहिला. शिवानं त्या दगडाला हात लावून कपाळाला लावला. नारळ नव्हता. रहिमाभाभीच्या पिशवीतलं एक संत्रं त्यानं मागून घेतलं.

म्हाताऱ्यांनी वाजवणं थांबवलं. शिवानं मफलर सोडली. आज आवाजाची चिंता करायचं कारण नव्हतं, ते काम दगड करणार होता. संत्रं दोन्ही ओंजळीत धरून तो बोलायला लागला.

“बा देवा, हितल्या जाग्याच्या राखणदारा, तुझं नाव आमाला ठावं नाय. ह्या पडल्या गावाची राखण तूच करतोस, म्हणून तुझ्या पायाशी उभा हाय. काय चुकलं असंल तर पदरात घे रे म्हाराजा.”

हात कपाळाच्या वर गेले. आणि आभाळाच्या कडेवरून, मुसाच्या खरखरीत आवाजात, आलं, “व्हय म्हाराजा.”

शिवानं पुढं मागितलं. मुसाच्या हृदयाला बळ दे, रहिमाभाभीच्या गुडघ्यांना बळ दे, उमेरच्या तान्हीला उदंड आयुष्य दे, आणि ज्यांची ही घरं पडली त्यांची पोरंबाळं जिथं असतील तिथं सुखी ठेव. प्रत्येक मागण्याला वरून उत्तर आलं. एकदाही चुकलं नाही, एकदाही उशीर झाला नाही.

पहारेकऱ्यानं नंतर उमेरला विचारलं की हा माणूस कुणाशी बोलत होता. उमेरनं सांगितलं, इथल्या राखणदाराकडं परवानगी मागत होता. पहारेकरी गंभीरपणानं म्हणाला, “इथला राखणदार मीच आहे. परवानगी आहे.”

शिवा परत आला तो दुसराच माणूस होऊन. ईद झाली, तसं त्यानं बाबल्याला जाऊन सांगितलं की यंदा गाऱ्हाणं मीच घालणार. कातळवाडीच्या मांडापेक्षा दुप्पट लांबून मुसानं व्हय म्हटलंय. बाबल्यानं मान हलवली. सखूनं मात्र विचारलं की तो दगड इथं आणलाय का. शिवानं ऐकलं न ऐकलं केलं.

पुढच्या आठवड्यात उमेरनं चित्रीकरणाची सीडी पाठवली. मुसाच्या घरी टीव्हीसमोर मोहल्ला आणि अर्धी वाडी जमली. समर्थ सुटीवर आला होता, तोही होता. खांब दिसले, रस्ता दिसला, नाटकघर दिसलं. खूप खाली, अंगठ्याएवढा शिवा. त्याचे ओठसुद्धा दिसत नव्हते. ऐकू येत होता फक्त वारा. मग त्या अंगठ्याएवढ्या माणसाचे हात वर गेले आणि अगदी कॅमेऱ्याजवळून मुसा म्हणाला, ‘व्हय म्हाराजा’. पुन्हा वारा. पुन्हा मुसा. शिवाचा एक शब्द नाही.

समर्थ म्हणाला, “काका, गवळणीतली मावशी मुकी झाली.”

सगळे हसले. शिवाही हसला, चहा पिऊन गेला. मुसा मात्र न हसता टीव्हीकडंच बघत राहिला होता, हे शिवानं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं नेहमीसारखे चिरेखाणीपर्यंत चालले. खाणीशी आल्यावर शिवा खाली उतरला. चिरे कापून कापून तिथं तीन बाजूंना पायऱ्या पडल्या होत्या, तळात मोकळी जागा. त्यानं वर काठावर उभ्या असलेल्या मुसाला हातानं खुणावलं, पाठ फिरव. मुसा पाठ करून समुद्राकडं तोंड करून बसला. शिवानं होता नव्हता तेवढा आवाज काढून गाऱ्हाणं घातलं. एक मागणं, दोन, तीन. मुसा हलला नाही. तपकिरीची डबी काढून त्यानं चिमूट ओढली आणि समुद्र बघत बसला.

शिवा वर चढून आला. धाप लागली होती.

“ऐकू आलं?”

“तू सुरू केलंस कधी?”

“मग तिकडं व्हय का म्हणालास?”

मुसानं डबी बंद केली. “शिवा, खरं सांगू? तिथंबी नाय आलं, आणि आपल्या मांडावरबी मागं कधीच काय ऐकू येत नव्हतं. मागं बायका बोलतात, पोरं रडतात, वारा दर्याकडनं येतो. तुझं पयलं ‘बा देवा’ तेवढं कळायचं. म्होरं आम्ही नारळाकडं बघायचो. नारळ वर गेला की व्हय म्हणायचं. माझा बापबी तसंच म्हणायचा.”

“आणि गेल्या वर्षी?”

“गेल्या वर्षी नारळ वर गेलाच नाय. एक हात गळ्याशी धरून उभा होतास. आम्ही वाट बघत राहिलो.”

शिवा कातळावर बसला. इतकी वर्षं जो आवाज डोक्यावर मिरवला, तो मुळात तिथवर जातच नव्हता. त्यानं विचारलं, “इतकी वर्षं सांगितलं नायस?”

“तू विचारलंस कधी? आणि तुझा आवाज काय वाईट नव्हता. पुढच्यांना आवडायचा.”

यावर शिवाला हसू आलं ते आवरेना. मुसालाही आलं. हृदयाचं दुखणं असलेल्या माणसानं इतकं हसू नये, पण हसले. उतरताना शिवानं मफलर काढून खिशात कोंबली.

त्या शिमग्याला पालखी सहाणेवर बसली, मृदंगावर थाप पडली आणि शिवा पुढं झाला. गळा मोकळा, नारळ दोन्ही हातांत. बोलला तो घरात बोलावं तसा, फाटक्या आवाजात. पहिल्या दोन रांगांच्या पलीकडं शब्द गेला नसेल. मागणं संपलं, तसा त्यानं नारळ सावकाश उचलला, कपाळाच्या वर नेला आणि क्षणभर तिथंच धरला. आधी पुढून आलं, मग मधून, आणि मग लाटेसारखं मागून. शेवटच्या रांगेत, दगडी गडग्यावर बसलेल्या मोहल्ल्यातल्या माणसांतून, मुसाचा खरखरीत आवाज वेगळा ओळखू आला. समर्थनं मान वळवून मागं बघितलं.

नमन उठल्यावर बाबल्या म्हणाला की आवाज परत आला म्हणायचा. शिवानं त्याला खरं काय ते सगळं सांगून टाकलं. बाबल्या तापला. म्हणजे मागचे लोक काय मागितलं ते न ऐकताच व्हय म्हणतात? शिवा म्हणाला, “गावाचं बरं कर, एवढंच मागतो मी. त्याला नाय कोण म्हणेल?” आणि त्याच दमात सांगितलं की पुढच्या वर्षी समर्थ उभा राहील. माईक नको. मी शिकवतो.

समर्थला वाटलं, काका गाऱ्हाण्याचे शब्द सांगणार. शब्द त्याला पाठच होते. पण दर सुटीला शिवा त्याला खाणीत उभा करायचा आणि स्वतः मुसाबरोबर वर काठावर बसायचा. समर्थ ओरडला की वरून हात हलवून सांगायचा, हळू. नारळ झटक्यानं वर गेला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. “देवाला दाखवतोयस, नेम धरत नायस,” मुसा वरून सुनवायचा. समर्थ म्हणायचा, कंपनीतला साहेब बरा, तो एकटाच असतो.

२००५च्या शिमग्यात शिवा पहिल्यांदाच मांडाच्या मागं बसला. मुसानं गडग्यावर सरकून त्याला जागा दिली. पुढं काय चाललंय ते त्याला नीट दिसत होतं. समर्थ नारळ घेऊन पुढं झाला, पाय जुळवून उभा राहिला. शेजारी दोघी बायका माशांच्या भावावरून बोलत होत्या. एक पोर फिरत्या कागदी चक्रासाठी हट्ट धरून रडत होतं. दर्याकडचा वारा कानावर होता. ‘बा देवा’ तेवढं कळलं. पुढचं काही शिवाला ऐकू आलं नाही, आणि आपल्या वेळीही असंच होतं, ह्याची त्यानं स्वतःच्या कानांनी खात्री करून घेतली.

“येतंय काय ऐकू?” मुसानं विचारलं.

“नाय.”

लांबवर नारळ सावकाश वर गेला. शिवानं हात जोडले आणि मुसाबरोबर, आपल्या फाटक्या आवाजात, म्हणाला, “व्हय म्हाराजा.”